कार्यअहवालाचं प्रूफ

केप्याच्या बाजारात, फार्मसीच्या माडीवर माझी छपाई.
लग्नपत्रिका, लादाइनीची आमंत्रणं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं,
आणि दर पाच वर्षांनी
ॲडव्होकेट विश्राम तळावलीकरांचा कार्यअहवाल.
आर्ट पेपर, चार पानं, आठ हजार प्रती.
पैसे निकालानंतर.

जुळवत बसतो त्यांची कामं:
कुशावतीवरचा साकव, स्मशानाची शेड,
कपेलाला रंग, मासळीवाल्यांना नवे ओटे,
अकरा हायमास्ट दिवे.
त्यातले सात पेटतात, हे मला रुझारनं सांगितलं,
तो वीज खात्यात लाइनमन.
फोटोत साहेब नारळ फोडतात,
मी त्यांच्या कपाळावरचा घाम माउसनं पुसतो.

रुझार मागे उभा राहून वाचत होता.
म्हणाला, ह्या कागदार आमी खंय?

एकोणीस वर्षं एका छपराखाली.
शेजारी मला त्याचा भाडेकरू म्हणतात,
काही जण त्याला माझा.

तसं बघितलं तर आम्ही आहोत.
दोन हजार दहाचा जून, पुलाजवळ जीप थांबली.
आउटपोस्टच्या बाकावर आम्ही,
रुझारच्या पायात एकच चप्पल.
तळावलीकर तेव्हा नुसते वकील.
लुंगीवर शर्ट चढवून आले, फौजदाराला म्हणाले,
कलम लाव, मग उद्या कोर्टात भेटू.
फी घेतली नाही.
तिघे एका स्कूटरवर घरी आलो,
वकील असून ट्रिपल सीट.

मग ते निवडून आले.
एका अपक्षानं ठराव आणला,
की रजिस्ट्रारच्या पुस्तकात
अशा दोघांच्याही सह्या घ्याव्यात.
त्या दिवशी हजेरीपटावर तळावलीकरांची सही आहे.
खुर्चीत ते नव्हते.
चहाला गेले होते म्हणे. पाऊण तास.

पत्रकारानं बाहेर गाठलं तर म्हणाले,
हा विषय किनारपट्टीचा, आमच्या तालुक्यात असलं काही नाही.
त्याच आठवड्यात व्हिजिटिंग कार्डं न्यायला आले.
विचारलं, रुझारची साखर कशी आहे,
आणि जांभळाच्या बियांची पूड सुचवली.

म्हणून यंदा तिसऱ्या पानावर
साकवाच्या खाली मीच एक ओळ घातली:
"दोन नागरिकांची रात्रीच्या कोठडीतून सुटका. विनामूल्य."
चौदा पॉइंट, ठळकसुद्धा नाही.

प्रूफ परत आलं.
"हायमास्ट"चा ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी तपासला नव्हता,
स्मशानातला श तुटला होता, तोही दिसला नाही.
ती ओळ मात्र लाल शाईनं खोडलेली,
एकदा, मग पुन्हा एकदा.
समासात वकिली अक्षर: जागा नाही.

खाली दोन इंच कोरे सोडले होते मी.
तिथे शिलाईयंत्र छापलं,
त्यांची निशाणी.

परवा प्रचाराला दारात आले.
मागे पोरं, ढोल, टोप्या.
रुझारनं पाणी दिलं, ते त्यांनी उभ्यानंच प्यायलं.
घरांत मतां कितलीं?
दोन, मी म्हणालो.
दोन, ते म्हणाले, आणि खाली बघितलं.

कार्यकर्त्याच्या हातातून मतदारयादी घेतली.
घर क्रमांक एकशे नव्वद,
चारशे बारा मी, चारशे तेरा तो,
वडिलांचे किंवा पतीचे नाव ह्या रकान्यात
दोन वेगवेगळे मेलेले बाप.
एका कुटुंबाची मतं ते जशी बांधतात
तशी दोन्ही नावांना बॉलपेननं
एक महिरप घातली.
शाई मध्येच अडखळली. त्यांनी पुन्हा गिरवली.
बाजूला लिहिलं: २.

कुठल्याही कागदावर, कुणाच्याही हातानं,
पहिल्यांदाच.

मग ढोल पुढच्या दाराकडे गेले.
रुझार पेला विसळत म्हणाला,
पयले तुज्या छपाईचे पयशे माग.