गाऊन ऐकताना

कॉलेज रोडवरच्या दुकानात हर्षाली गांगुर्डेने
अकरावा गाऊन काढला, तोवर तिला कळून चुकलं होतं
की हे गिऱ्हाईक आरशात बघतच नाहीये.
"ताई, डोळे तर उघडा. मोरपंखी आहे."
असेल.
मी चालून पाहत होते, ट्रायल रूमपासून काउंटरपर्यंत
सात पावलं, वळण, सात पावलं.

तिला कसं सांगू, की गेली चौदा वर्षं
पडद्यावरच्या बायका जिना उतरतात तेव्हा
त्यांच्या घोळाची सळसळ मी असते,
अंधाऱ्या स्टुडिओत गुडघ्यांवर बसून
आईचा जुना परकर रेनकोटवर घासत.
एका महाराणीचा शालू म्हणजे
लसणाच्या सालपटांनी भरलेली पिशवी होती.
कुणाला कळलं नाही. कळू नये, हेच काम.

आता त्याच कामासाठी बोलावणं आलंय,
समुद्रापलीकडच्या शहरात, लाल गालिच्यावर.
पत्रात एक ओळ: पोशाख पायघोळ असावा.

सॅटिन नको. सॅटिन चोरासारखं चालतं.
वेलवेटने तर मिठाची गुळणीच धरलेली.
मण्यांच्या एका गाऊनमध्ये मी वळले
आणि भांडी बाजारातला हातगाडा वळला.

दाराशी स्टुलावर अण्णा.
कानाचं मशीन खिशात,
कारण कानात घातलं की ते शिट्ट्या मारतं.
हर्षालीचं एक अक्षर त्यांना सकाळपासून ऐकू आलं नव्हतं,
चहा मात्र दोनदा घेतला.

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, तेहतीस वर्षं.
भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर,
फाटकावर झडती देऊन.
शाळेत मुली विचारायच्या, तुमच्याकडे खूप नोटा असतील ना गं?
मी हो म्हणायचे.

मग तो, गंजाच्या रंगाचा, मागे टांगलेला.
टाफेटा.
"हा कडक आहे हो ताई. बसलं की फुगतो. परत पाठवायचाय."
सात पावलं. वळले.
अण्णांनी मान वर केली.
"शंभराचं बंडल," ते म्हणाले.
"कोरं. पट्टी लागायचीय अजून."

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे उघडले.
आरशात एक बाई उभी होती, खांद्याशी जरा ढगळ,
बेचाळिशीची, गुडघ्यांवर घट्टे.
बरी दिसत होती.

गालिचा पावलं गिळतो.
आमच्या धंद्यात त्याला कुणी दारात उभं करत नाही.
तिथे माझ्या टाचा मुक्या होणार,
बोललं तर हे कापडच बोलेल.
खालची शिवण भद्रकालीतले इस्माईलमास्तर बघतील,
तोंडात टाचण्या धरून म्हणतील, दोन बोटं कमी करू, मळेल.
एकच करा मास्तर. जमिनीला लागू द्या.

पैसे अण्णांनी काढले. पाकिटातून नाही, बंडीच्या आतून.
मोजताना ते नोटांकडे बघत नव्हते,
रस्त्यावरच्या रिक्षा बघत होते. अंगठा आपला चालू.
हर्षाली पुन्हा मोजायला लागली तसे हसले,
"मोज, मोज. तेहतीस वर्षांत एकदा चुकलो नाही."

तिने मोजल्या. मग परत मोजल्या.
"काका, एक जास्त आहे."

अण्णांनी ती घेतली,
कानाशी नेऊन एकदा वाजवली,
आणि खिशात मशीनशेजारी ठेवून दिली.