लांब शेपटीचा सात

शेलूपासून पोह्यापर्यंत अठरा गावच्या भिंतींवर
तो नंबर मी काढला, निळ्या ऑइलपेंटात.
खाली: ढोणे मोटर रिवायंडिंग. रात्रीसुद्धा.
शेवटच्या साताची शेपटी मी लांबवायचो.
वासुदेव म्हणे, कायले रंग वाया घालतं बे?

कंपनीनं नंबर बंद केला, न विचारता,
अन् देऊन टाकला सुरतेतल्या कुणाला.
एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा;
माणूस कुठल्याच बटणाखाली नव्हता.

वाशिमच्या ग्राहक आयोगात
चार तारखांना कंपनीचा वकील आला नाही.
पाचवीला आला, म्हणाला, नुकसानीचा पुरावा?
वासुदेवनं तांब्याच्या तारेचं न सोडलेलं बंडल
टेबलावर ठेवलं.
साहेबांनी उचलायला लावलं.

त्या रात्री त्यानं स्वतःचाच नंबर लावला.
पलीकडे बाई. मूळची नंदुरबारची, तिकडे शिलाईकामाला.
"म्हणजे मोटरवाले तुम्हीच?"

आठ दिवसांनी पोस्टानं शाळेची वही आली.
धानोरा, मोटर जळाली, रात्री दोन.
पोहा, परत तेच, शिव्या दिल्या.
कोळंबी, म्हातारं माणूस, फोन ठेवतच नव्हतं.
असे दोनशे चौदा.
का लिहिलं, तर
कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

वकिलानं पानं उलटली, मग पाणी मागितलं.

एकवीस हजार मिळाले. नंबर नाही.
मी चुन्याची बादली घेऊन गावोगाव फिरतो.
नव्या नंबरात सात कुठंच नाही,
धानोऱ्याला मात्र शेपटी चुन्याखालून दिसते.

सुरतेत अजून रात्री फोन वाजतो.
ती नवा नंबर सांगते,
सावकाश, दोनदा.