जनरल रजिस्टर

रजिस्टर क्रमांक नऊ. पाठीला खाकी कापड, कडांना कसर.
यात माझाच वर्ग आहे, एक्क्याण्णवची दहावी,
आणि कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला.

फोन येतात. "दाखल्याची दुसरी प्रत पाहिजे होती."
पासपोर्टला, पोरीच्या जातपडताळणीला,
कधी नुसत्या जन्मतारखेला,
जी गुरुजींनी तेव्हा अंदाजानं एक जून टाकली.
अर्धा वर्ग एक जूनला जन्मला आमचा.
जे नोकरीत चिकटले
ते सगळे एकाच दिवशी घरी येतील, नारळ आणि शाल घेऊन.

रघू हसबेचा फोन त्रिचूरहून.
सहामाहीला विज्ञानात अकरा मार्क.
आम्लराज म्हणजे काय, या प्रश्नाला त्यानं लिहिलं होतं,
आम्लराज हा एक राजा होता.
सरांनी पेपर वर्गात वाचला, आम्ही बाकं बडवली.
आता तीस वर्षं तो गलाईच्या भट्टीपुढं.
तीनास एक, न मोजता ओततो,
सोनारांच्या केरातून सोनं वेगळं काढतो.
बोटं तेजाबानं पिवळी पडलीत.
मल्याळम बोलतो घडाघडा, खोकतो मात्र अजून खानापुरी.
शाळेची कमान त्याच्या पैशाची. वर नाव आहे.
तिच्याखालून तो अजून गेलेला नाही,
यात्रेला येतो तेव्हा शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप.

पोपट मदने फौजेतून आला,
सांगलीत, राजवाडा चौकात, एटीएमच्या दाराशी उभा असतो.
मी पाचशे काढायला गेलो तर सॅल्यूट ठोकतो.
अरे, ठेव की हात खाली.
ठेवत नाही.

विलास भिंगारदेवेचा फोन कधीच आला नाही.
ज्याला कागद लागत नाही
तो एक तर फार मोठा झाला असेल,
नाहीतर.

मागच्या मंगळवारी उषा ऐवळे आली.
दारात चपला काढल्या. म्हटलं, असू दे गं.
काढल्याच.
सोबत नातू, त्याच्या हातात कुरकुऱ्याचं पाकीट.
नववीत ही पहिली. प्रमेय फळ्यावर ही लिहायची
आणि खाली बघून बघून आम्ही चुकवायचो.
दिवाळीच्या सुट्टीनंतर बाकाची ती बाजू रिकामी.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय.
बाहेरनं दहावी देणार हाय."

पान काढलं.
शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.
प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली.
वाचून दाखवलं, दाखवायचं असतं.

ती हसली, तोंडाला पदर न लावता.
"चांगली हुती म्हणूनच गेली की रं.
वाईट असती तर न्हाई म्हटली असती."

शिक्क्याचं पॅड कोरडं पडलेलं.
एरवी थुंकी लावतो. तिच्यासमोर नको वाटलं,
माठातलं पाणी आणलं, चार थेंब.
तरी पहिला शिक्का अर्धाच उठला, शाळेचं नाव दिसेना.
दुसरा मारला.
तिनं पावतीचे पैसे टेबलावर ठेवले, सुट्टे, मोजून.

"भूमिती हाय का अजून?"
आहे की. पुस्तकं बदलली.
"आन् कर्णाचा वर्ग?"
तेवढाच.
"मग जमतंय," म्हणाली,
आणि दाखला नातवाच्या तेलकट हातापासून लांब धरत
विट्याची चार-चाळीसची गाडी गाठायला निघाली.

मी रजिस्टर मिटत होतो. वाऱ्यानं माझं पान आलं समोर.
शाळा सोडल्याचा दिनांक सोळा जून, असं लिहिलंय.
पुढच्याच वर्षी इथं शिपाई म्हणून लागलो,
तो दिनांक कुठल्या रकान्यात नाही.

खिडकीतून पाहिलं. फाटकाशी ती थांबली,
मान वर करून नाव वाचलं,
नातवाला काहीतरी सांगितलं, बहुतेक त्या राजाचं,
कारण पोरगं हसलं.
मग दोघं कमानीखालून गेली.

रघूला फोन करायला पाहिजे.