रकाना

कुताईसीत, नानुलीच्या बेकरीमागे,
झाझा तीन रात्री बसून
आईच्या वह्या यंत्राला वाचून दाखवतो:
पिठाचे भाव, सरपणाचे भाव,
कोण सोमवारी येतं, कोण फक्त लग्नाआधी.

चौथ्या सकाळी फोन बोलू लागतो.
गुरुवारी चाळीस पाव कमी लावा, म्हणतो.
नानुली मान हलवते. खरंच आहे,
गुरुवारी पलीकडे बाजार असतो.

मग म्हणतो:
मेराब, अकरा वर्षं, रोज एक पाव,
जमा शून्य. देणं थांबवावं.

नानुली पीठ लागल्या बोटानं
स्क्रीन पुसते, ती आणखीच पांढरी होते.
सांग त्याला, म्हणते,
त्या हिवाळ्यात सरपण संपलं तेव्हा
मेराबनं स्वतःचं कुंपण तोडून दिलं होतं.

झाझा विचारतो,
हे कुठल्या रकान्यात भरू?

ती कमरेपर्यंत भट्टीत वाकलेली.