पंचनामा, मोलीन

अप्पांनी आधी बुचावरची तार बघितली,
मग लेबल, मग बाटलीच्या खांद्यावरची धूळ.
पुसू नका म्हणावं तिला, म्हणाले,
धूळ म्हणजे पुरावा.

बत्तीस वर्षं दारूबंदी खात्यात काढून
थेंबाला न शिवलेला माणूस,
आणि मी त्याला आणलंय या बेल्जियन खाणावळीत,
जिच्या तळघरात
माझ्या लग्नापेक्षा जुन्या बिअर निजल्या आहेत.
येताना एवढंच सांगितलं होतं
की इथे बटाटे दोनदा तळतात.
खोटं नव्हतं.

मालकीणबाई ब्याऐंशीच्या, नाव गोडलीव्ह.
गोड? अप्पा म्हणाले. बरं.
तिचे आजोबा बोटीतून उतरून नांगराच्या कारखान्यात लागले,
मी विमानातून उतरून ट्रॅक्टरच्या.
आम्हा दोघींना नदीची दिशा शेवटपर्यंत कळली नाही:
मिसिसिपी दक्षिणेला जाते म्हणतात,
मोलीनपाशी मात्र ती सरळ पश्चिमेला निघते
काहीतरी विसरल्यासारखी.

बाटली तिने आणली
तेलाने काठोकाठ भरलेली समई न्यावी तशी.
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, म्हणाली.
तेव्हा मी देवरीला, अप्पा म्हणाले, मराठीत, बाटलीला.

बूच अर्ध्यात तुटलं.
ती लाजली नाही, चहाचं गाळणं घेऊन आली.
फेस नावाला. रंग काकवीचा.
अप्पांनी चष्मा काढला,
आधी डाव्या नाकपुडीने, मग उजव्या,
धाडीत घ्यायचे तसा वास घेतला.
काकवी. मनुका.
भिजलेलं गोणपाट.
नवसागर नाही.

काय म्हणतायत, तिने विचारलं.
नवसागराला इंग्रजी शब्द सुचेना.
म्हटलं, तुमचा माल खरा आहे म्हणतायत.
ती हसली आणि सुरीने
चीजचा एक तुकडा जास्तीचा कापला.

मग ते बोलले, पेल्याकडे बघत.
देवरीच्या पुढे, सालईच्या रानात एक ठकूबाई होती.
मोहाची काढायची.
मडकं पुरलेलं, तीन पावसाळे,
पोराच्या लग्नासाठी.
आम्ही खणून काढलं.
तिने ना शिवी दिली, ना पाय धरले.
म्हणाली, साहेब, फोडायच्या आधी वास तर घ्या.

घेतला?

उत्तराऐवजी त्यांनी बटाटा मोडला,
वाफ जाऊ दिली.
चाळीस माणसं उभी होती, म्हणाले.
शिपाई, पाटील, शाळेतली पोरं.
काठी माझ्याच हातात होती.

मी हात धुवून आले
तेव्हा त्यांच्या पेल्यातली रेघ
दोन बोटं खाली गेली होती.
विचारलं नाही.
गोडलीव्हबाईही पलीकडे काच पुसत होती,
आधीच पुसलेली.

त्यांनी पेन मागितलं.
पेल्याखालची पुठ्ठ्याची गोल चकती उलटी केली
आणि त्या वळणदार सरकारी अक्षरात, गोल गोल फिरवत, लिहिलं:
मौजे मोलीन, खालील दोन पंचांसमक्ष,
काचेची बाटली एक, बूच तुटलेले,
आतील द्रव अंदाजे साडेसातशे मिली,
पैकी
इथे जागा संपली.
तरी आम्हा दोघींच्या सह्या घेतल्या.
गोडलीव्हबाईने सहीखाली तारीख घातली,
तिच्या पद्धतीने, आधी महिना.
अप्पांनी ती दुरुस्त केली.

बाहेर नदीवरून वारा येत होता, कानात शिरणारा.
गाडीचं दार मी उघडून धरलं,
ते बसले नाहीत.
चकती खिशात चाचपत उभे राहिले.
आडनाव आठवत नाही तिचं, म्हणाले.
कागदावर होतं.
मीच लिहिलं होतं.