टरफलं

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात
क्रीट बेटावरच्या एका गावी, उघड्या थिएटरात
मी झाडू मारायचो.
वर छप्पर नाही, खाली खडी,
भिंतीलाच चुना फासून केलेला पडदा
आणि शेजारच्या गच्चीतून फुकट बघणारे चार जण.
भोपळ्याच्या बिया त्यांनी खायच्या,
टरफलं मी उचलायची,
असा करार.

त्या आठवड्यात युद्धाचा सिनेमा लागला होता, म्हणजे प्रेमाचा.
अथेन्सच्या कुणा बाईंच्या कादंबरीवरून काढलेला.
मागे राहून गेलेला परका शिपाई,
डोंगरातली धनगरांची दगडी झोपडी
आणि त्याला खायला नेऊन देणारी मुलगी.
अर्धं गाव खिडकीशी उभं,
आपल्या घरातलं काहीतरी चोरीला गेलंय
आणि ते इथे तिकीट लावून दाखवतायत, अशा चेहऱ्याने.

सुटल्यावर जो तो बोलायचा.
एवान्थिया बाईंनी पुस्तक दोनदा वाचलेलं.
"पुस्तकात तो येतच नाही परत.
सतरा पानं ती नुसती अंगण झाडते.
त्या सतरा पानांसाठी तर पुस्तक आहे!
इथे आला की केस पांढरे करून, हातात फुलं घेऊन."
मानूसोसची तक्रार गाढवाबद्दल.
"त्या कड्यावर गाढव चढत नसतं.
गाढव खोटं, तर प्रेम खरं कशावरून?"
लेफ्तेरिस खाटीक ढसाढसा रडला
आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत राहिला
की डोळ्यात धूर गेला होता.
पेलाजिया म्हणाली, नट छान आहे.
तिचे आजोबा म्हणाले, बूट बरोबर आहेत,
त्या जर्मनांचे, असेच होते,
टाच अशीच वाजायची.
मग घर येईपर्यंत काही बोलले नाहीत.

माझं मत कोण विचारणार.
पण मागे अंधारात उभं राहून मला एक कळलं होतं.
चुंबन चालू असताना
दातांची कुटकुट चालूच असायची.
बॉम्ब पडले तरी चालू.
थांबायची ती एकाच जागी.
वाटेत मुलगी बसते,
जवाचा वाळका पाव दगडावर आपटून तोडते,
दोन तुकडे हातात तोलून बघते,
आणि मोठा स्वतः खाते.
घाईघाईने, इकडेतिकडे बघत.
तेव्हा गच्चीतलेसुद्धा गप्प.

गारिफालिया तीन रात्री आली.
शेवटची खुर्ची, काळे कपडे,
मांडीवर बियांची पुडी, बांधलेली तशीच.
आणि तिन्ही रात्री
समुद्रात पाणबुडीचा दिवा लुकलुकला की उठायची.
अजून वीस मिनिटं बाकी असायची.

तिसऱ्या रात्री मी दार धरून उभा राहिलो.
म्हटलं, आजी, थांबा की. तो परत येतो शेवटी.
मला वाटलं, चांगलीच बातमी देतोय.

तिने चपलेतला खडा काढला,
पुन्हा पाय घातला.
"दिव्यापर्यंतचं मला ठाऊक आहे.
उवा दाखवल्या नाहीत, बाकी ठीक.
दिव्यानंतरचं यांना कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, ते पुस्तकातलंही नाही म्हणतात.

"पण तो मोठा तुकडा,"
ती म्हणाली, जरा आवाज खाली आणून,
मागे पडद्यावर कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं,
"तो पुस्तकात आहे का रे?
मी तर पाद्रीबाबांनाही सांगितलं नव्हतं."

पुडी माझ्या हातात कोंबून ती उतारावरून गेली,
भिंतीचा आधार घेत.

शो सुटला. एवान्थिया बाई पुन्हा चिडलेल्या,
गाढव पुन्हा चुकीच्या कड्यावर चढलेलं.
मी झाडायला घेतलं.
त्या शेवटच्या खुर्चीखाली काहीच नव्हतं, नुसती खडी.
तरी तिथूनही एकदा झाडू फिरवला.