कळलावी

चारशे चारचा अर्ज आला, सोबत तीन फोटो:
खालच्या मजल्यावरची वेल
आमच्या ग्रिलमध्ये शिरली आहे.
झाड विषारी आहे. नावातच कळ आहे.
ती वर आल्यापासून घरात भांडणं वाढली आहेत.

मी सेक्रेटरी. मुलुंडच्या उन्हात तीन जिने चढलो.

दार खरपडेबाईंनी उघडलं.
महापालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया.
बाल्कनीत तेलाचा डबा,
त्यातून निघालेली बारीक हट्टी हिरवी रेघ,
प्रत्येक पानाचं टोक वळून
करंगळीसारखं गजाला धरलेलं.
वर फुलं. पाकळ्या मागे फेकलेल्या,
पदर खोचून नळावर उभ्या राहिल्यासारख्या.
देठाशी पिवळ्या, टोकाला लाल,
उद्या अख्ख्याच लाल.

"नर्सरीत तीनशेला मिळते हल्ली.
ही आमच्या पाड्यामागच्या डोंगरातली.
बाळ अडलं की आई हिचा कंद
बाईच्या तळपायाला चोळायची.
कळ लावते म्हणून कळलावी.
भांडणं तुमची, नाव तिचं."

"आणि यायची कळ?"

"यायची की. कंदानं नाही तर वेळेनं."

अर्जावर लिहिलं: पाहणी केली.
वरच्यांना सांगितलं, पान तोडलंत तर हात धुवा.
ते म्हणाले, आणि भांडणांचं?
म्हटलं, त्याचा ठराव आमसभेत मांडता येत नाही.

दिवाळीनंतर वेल आपली आपण वाळली.
गजावरची बोटं तेवढी सुटेनात,
कात्रीनं कापली.
मी शेरा मारला: विषय बंद.
डब्यात नुसती माती. बाई पाणीही घालत नव्हत्या.
"निजलीय. उठवू नये."

मार्चमध्ये त्या लेकाकडे उलव्याला गेल्या.
जाताना हातात वर्तमानपत्राची पुडी,
आत कंद, नांगराच्या फाळासारखा वाकलेला.
बायको नाव ऐकूनच म्हणाली, घरात नको.
सोसायटीच्या कपाटात ठेवला,
तक्रारींच्या फायलींमागे.
विसरलो.

काल पाणीपट्टीची जुनी पावती शोधत होतो.
पुडी फाटलेली.
फायलींच्या फटीतून
उजेड न पाहिलेला पांढुरका कोंब
वीतभर वर आलेला,
चारशे चारच्या अर्जाला
डोकं टेकवून.

वॉचमनला हाक मारणार होतो.
नाही मारली.
आधी खिडकी उघडली,
मग हात धुतले.